कौलाखालची माणसे

घाट उतरून आलेला रस्ता नदीकडे वळण्यापूर्वी जिथे थोडा वेळ सरळ होतो, तिथे दुकानांची एक ओळ आहे. सरकारी दप्तरात या जागेचे नाव पेठ शेरवली. ते नाव दप्तराबाहेर कोणी वापरत नाही. गावात आणि घाटावरही तिला उजेडपेठ म्हणतात.

पाहुण्यांनी येथे आल्यावर माल पाहण्याआधी वर पाहावे. प्रत्येक दुकानाच्या छपरात एक कौल काचेचे आहे. एकच. दुपारी त्यातून उन्हाचा एक तुकडा खाली उतरतो. त्या तुकड्यात पोते ठेवत नाहीत, खुर्ची मांडत नाहीत, मालक तर तिथे चुकूनही बसत नाही. ती जागा काम करणाऱ्याची. एखाद्याला नोकरीवर ठेवणे याला या पेठेत ‘उजेडात घेणे’ असे म्हणतात. मुलाला उजेडात घेतले की आई देवीची ओटी भरते.

आणखी एक शब्द येथे निराळ्या अर्थाने चालतो, आणि तो पाहुण्यांनी जपून वापरावा. तो शब्द ‘बहीण’. येथे तो पुरुषालाही लावतात, आणि ज्याला लावतात तो चिडतो. असे का, ते सांगतो. आमच्या वडीलधाऱ्यांनी जसे सांगितले तसे सांगतो. पदरचे काही घालत नाही.

पूर्वी येथे पेठ नव्हती. माळ होता. समुद्राकडून मीठ घेऊन वर जाणारे बैलांचे तांडे या माळावर मुक्काम करीत आणि मग घाट चढू लागत. मागे शेण उरे. गावाला त्या सगळ्या व्यापारातून मिळे ते एवढेच. उलट तांडा गावातून काही घेऊन जाई. शेती थोडी, दुसरे काम नाही, म्हणून दर वर्षी गावची तरणी माणसे तांड्याबरोबर ओझी वाहायला निघून जात. जाताना लवकर येतो म्हणत. ती घाट चढताना दिसत. उतरताना क्वचितच कोणाला दिसली.

तेव्हा या मुलुखाचा वसूल पाहायला येसोपंत नावाचे कमाविसदार होते. राज्य नेमके कोणाचे होते, याविषयी गावात एकमत नाही, आणि कथेला त्याची गरजही नाही. येसोपंत देवभक्त होते, प्रामाणिक होते आणि घाईत होते. पहिल्या दोन गुणांनी त्यांचे नाव राहिले. पुढचे सर्व तिसऱ्यामुळे घडले.

घाईचे कारण वरचा हुकूम. माळावर पेठ वसवा, व्यापारी आणा, गावची माणसे गावात थांबवा, असा तो हुकूम होता. पेठ हुकमाने वसत नाही. व्यापाऱ्याला काही दिल्यावाचून तो जागा सोडून येत नाही. म्हणून त्या काळी सरकार नव्या पेठेला कौल देत असे. कौल म्हणजे अभय. या, दुकाने घाला, ठरावीक वर्षे तुम्हाला जकात नाही, पट्टी नाही, कोणाचा उपद्रव नाही, असे सरकारचे वचन.

येसोपंतांनी विचार केला तो चांगला केला. नुसते दुकान घालणाऱ्याला माफी देऊन गावाला काय मिळणार? जो गावच्या माणसांना काम देईल, त्याला माफी. जितकी अधिक माणसे, तितकी अधिक वर्षे. हेतू शुद्ध होता. मग त्यांनी तो शब्दांत मांडला, आणि माळावर दवंडी पिटली गेली:

“ऐका हो ऐका! जो या माळावर दुकान घालील, त्याच्या कौलाखाली गावची जितकी माणसे पोटाला लागतील, तितकी वर्षे त्याला जकात माफ हो!”

आता कौल हा शब्द आमच्या भागात तीन ठिकाणी राबतो. सरकार देते तो कौल. देवीच्या मूर्तीला ओली पाकळी लावून प्रश्न विचारला, की ती उजवीकडे पडते किंवा डावीकडे पडते, तोही कौल. आणि छपरावर बसते तेही कौलच. येसोपंतांच्या मनात पहिला होता. दवंडी ऐकणाऱ्यांतल्या एकाच्या डोक्यात तिसरे आले.

घाटावरून नागोशेट नावाचा धान्याचा व्यापारी आला होता. वाक्यात फट कुठे आहे हे त्याला लगेच कळत असे. त्याने दवंडी शांतपणे ऐकली, परत एकदा पिटायला लावली आणि कुंभाराकडे गेला. गावात तेव्हा देवळाखेरीज कौले कोणाच्या घरावर नव्हती. सगळे गाव गवताने शाकारलेले. नागोशेटने असे छप्पर घातले की त्याच्या एका टोकाला उभ्या असलेल्या माणसाची हाक दुसऱ्या टोकाला पोहोचत नसे, असे सांगतात. भिंती घातल्या नाहीत. भिंतींविषयी दवंडीत काही नव्हते.

त्याचे पाहून आणखी सहा जण आले. कोणी तेलाचे दुकान घातले, कोणी हळदीचे, कोणी निळीने कापड रंगवण्याचे. कोणी कुंकू विकू लागला, कोणी गूळ, आणि शेवटी एका लोहाराने भट्टी मांडली. सगळ्यांची छपरे दुकानापेक्षा मोठी. सात दुकाने मिळून एक लांब ओळ झाली. पुढे रस्ता, मागे अरुंद गल्ली, आणि प्रत्येक दुकानाला गल्लीत उघडणारे एक मागचे दार. हे मागचे दार लक्षात ठेवावे.

गावाला आनंद झाला. तो फार टिकला नाही. दुकानदारांनी काम करायला आपापले मेहुणे आणले. मेहुणे नव्हते त्यांनी पुतणे आणले. गावच्या माणसाला छपराखाली बसायला कोणी मना करीत नसे. उलट आग्रहाने बसवीत. दुपारी प्रत्येकाच्या हातावर मूठभर कुरमुरे पडत. दवंडीत ‘पोटाला लागणे’ असे शब्द होते, आणि कुरमुरे पोटातच जात होते. नागोशेटच्या हिशेबाने कौलाचे पालन झाले होते. सावलीला बकऱ्याही येऊन बसत. त्यांनाही मोजावे असे तेलवाल्याचे म्हणणे पडले, पण नागोशेटने ते मानले नाही. त्याच्या लबाडीलाही शिस्त होती.

वर्ष सरले आणि येसोपंत माणसे मोजायला येणार असे कळले. कौलावर शिक्का त्या मोजणीनंतर व्हायचा होता. सातही दुकानदार नागोशेटच्या गादीभोवती जमले.

“शेट, ते विचारणार, काम काय करतो. कुरमुरे खातो असं सांगायचं काय?” तेलवाला म्हणाला.

“गावात माणसं आहेत ना?” नागोशेटने विचारले.

“आहेत. पण तीच माणसं. तुमच्याकडे बसवली तर माझ्याकडे कोण?”

“पंत कुठून चालणार?”

“समोरून. रस्त्यानं.”

“आणि गल्ली कुठं आहे?”

तेलवाल्याला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर त्याने नागोशेटच्या पायाला हात लावला, असे सांगतात. चांगल्या कामासाठी पायाला हात लावणारे पेठेत तेव्हा कमी होते.

गल्लीतून धावायला जी माणसे ठरली, त्यांत सगुणाबाय होती. तिचा नवरा तांड्याबरोबर गेला तो परत आला नव्हता. तो आहे की नाही हे ठाऊक नसल्याने तिने कुंकू पुसले नव्हते. घरी मुलगा एकच, भिवा. अंगापिंडाने मोठा झालेला. काम नाही म्हणून त्यानेही तांड्याच्या नायकाला शब्द दिला होता, आणि मोजणीच्या दिवशीच दुपार कलताना तांडा निघायचा होता. भिवाने घोंगडी बांधून ठेवली होती. सगुणाबाय ती गुपचूप सोडून ठेवी. तो पुन्हा बांधी.

नागोशेट तिला म्हणाला, “सगुणाबाय, तुमच्यासारखी चपळ बाई गावात नाही. आजचा दिवस निभावून द्या. भिवाला माझ्या तराजूवर उभा करतो. शब्द देतो.”

“शब्द देताव का कुरमुरे?” ती म्हणाली.

“शब्द.”

“मंग धावतंय.”

येसोपंत आले. बरोबर मोजायला एक कारकून. पहिले दुकान नागोशेटचे. सगुणाबाय पीठ चाळीत बसली होती. तिच्या नाकाला पीठ लागले होते. येसोपंतांना समाधान वाटले. ते पुढे निघाले तशी ती मागल्या दाराने निघाली, आणि ते तेलाच्या दुकानात पोहोचले तेव्हा ती पळीने तेल मापीत होती.

येसोपंत थांबले. “बाई, आपल्याला आत्ताच पीठ चाळताना पाहिले.”

“ती माजी बहीण, म्हाराज.”

“अस्सं. किती बहिणी तुम्ही?”

“अजून दुकानं किती ऱ्हायली, म्हाराज?”

तेलवाल्याच्या हातून दुसरी पळी पडली. सगुणाबायने ती उचलली आणि गंभीरपणे म्हणाली, “म्हंजे, सात. आमी सात बहिणी. सगळ्या येकसारख्या. आईलाबी वळकू येत नसू.”

येसोपंतांनी मान डोलावली आणि कारकुनाला पुढे चालायला सांगितले. येथे कोणी हसू नये. पंत मूर्ख नव्हते. पेठ भरलेली दिसावी अशी त्यांची मनापासून इच्छा होती, आणि ती भरलेली दिसत होती. आपल्याला हवे तेच दिसत असताना डोळे चोळून पाहणारा अधिकारी तपश्चर्येनेच घडतो. पंतांची तेवढी तपश्चर्या अजून झाली नव्हती.

हळदीच्या दुकानात बहीण हळद कांडीत होती. निळीच्या दुकानात तिचे हात कोपरापर्यंत निळीत होते. कुंकवाच्या दुकानात ती कुंकू वस्त्रगाळ करीत होती. गुळाच्या दुकानात तिला ढेप फोडायला दिली होती, आणि गुळामागोमाग मुंग्याही तिच्या हातावर आल्या होत्या. तिच्याबरोबर धावणारा एक म्हातारा होता, तातबा. त्याला प्रत्येक दुकानात अधिकाधिक धाप लागत होती.

“यांना एवढी धाप कशाने?” पंतांनी विचारले.

“काम फार हो, पंत,” गूळवाला म्हणाला. “पेठ जोरात आहे.”

लोहाराच्या भट्टीवर सगुणाबाय भाता ओढीत होती. पंत तिच्याकडे पाहून म्हणाले, “तुम्ही सातव्या. सर्वांत धाकट्या असणार.”

“नाय, म्हाराज, मी थोरली. धाकटी पिठात हाय.”

मोजणी झाली. कारकुनाने सांगितलेला आकडा ऐकून येसोपंतांनी देवळाच्या दिशेने हात जोडले. गावात एवढी माणसे असल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. गावालाही नव्हते. “पेठ भरली,” एवढेच ते म्हणाले, आणि शिक्का करण्यापूर्वी देवीचे दर्शन घ्यावे म्हणून पावणाईच्या देवळाकडे चालू लागले. दुपार व्हायला आली होती.

इकडे सगुणाबाय भट्टीवरून उठून थेट नागोशेटच्या गादीपुढे उभी राहिली. तोंड धुवायला ती थांबली नाही.

“शेट, भिवाला हाक मारू?”

“कशाला?”

“तराजूवर उभा करणार नव्हं?”

नागोशेटने तिच्याकडे प्रेमाने पाहिले. “सगुणाबाय, भिवा तर मोजून झाला. तातबाच्या मागे उभा होता, कारकुनानं धरला. माझ्याकडे तो कामाला आहे. आता मोजलेल्या माणसाला पुन्हा काम कशाला द्यायचं? मग मोजला कशासाठी?”

हे बोलताना तो खोटे बोलत आहे असे त्याला वाटत नव्हते. हे त्याच्यातले सर्वांत वाईट. लबाडाला आपली लबाडी कळत असेल, तर तो केव्हा तरी लाजतो. ज्याला ती व्यवहार वाटते, त्याला लाजवायला देवच लागतो.

सगुणाबायने गादीवरचे कुरमुरे उचलून त्याच्या मांडीवर ओतले आणि ती देवळाकडे निघाली. माळावर बैलांवर पडशा चढवायला सुरुवात झाली होती.

देवळात सिदू गुरव पुजारी होता. येसोपंतांनी हात जोडून प्रश्न सांगितला: पेठ भरली, माणसे कामाला लागली, आता शिक्का करू का? सिदूने ओली पाकळी मूर्तीला लावली. उजवीकडे पडली तर होय, डावीकडे पडली तर नाही. पाकळी पडेना. सिदूने देवीला विनवले. पंतांनी स्तोत्र म्हटले. पाकळी मूर्तीला चिकटून बसली.

“असं कधी होतं का?” पंतांनी विचारले.

“प्रश्न चुकला की होतं,” सिदू म्हणाला.

इतक्यात सगुणाबाय आत आली. तिने पंतांना पाहिले नाही. गाभाऱ्यात काळोख, बाहेरून आलेल्या डोळ्यांना दिसणार काय? ती देवीपुढे उभी राहून मोठ्याने म्हणाली, “आई, आज मी सात येळा खोटं बोललंय. पोराच्या कामासाठी बोललंय, आनि काम तर मिळालं नाय. आता माजं खरं कोन ऐकंल? तूच कौल दे.”

आणि देवीने कौल दिला.

तो पाकळीने दिला नाही. देवळाच्या छपरावरचे एक कौल निसटले आणि येसोपंत व सगुणाबाय यांच्या मधोमध पडून फुटले. त्या भोकातून माथ्यावरचे ऊन सरळ खाली आले आणि सगुणाबायच्या तोंडावर पडले.

देवळाच्या छपरावर त्या काळी वानरांचा वावर होता, असे काही जण म्हणतात. असेलही. वानर होते म्हणून देवी नव्हती असे ठरत नाही. वानरही कोणाच्या तरी कौलाखालीच राहतात.

येसोपंतांनी त्या उन्हात पाहिले. बाईच्या नाकावर पीठ होते. केसांतून तेल कानशिलावर ओघळले होते. एक गाल हळदीने पिवळा, दुसऱ्यावर कुंकवाची पाच बोटे. हात कोपरापर्यंत निळे. कपाळावर भट्टीची काजळी, आणि मनगटावरून मुंग्या ओळीने वर चालल्या होत्या. सारी पेठ एका माणसावर उभी होती.

पंतांनी बोटांवर दुकाने मोजली. सात भरली.

“बाई,” शेवटी पंत म्हणाले, “तुमच्या बहिणी कुठे आहेत?”

सगुणाबायने आवाज ओळखला. पळून जायला या ठिकाणी मागचे दार नव्हते.

“सगळ्या हितंच हायत, म्हाराज,” ती म्हणाली.

नागोशेटला बोलावणे गेले. तो आला तो नमस्कार करीत आला, आणि घाबरला नव्हता.

“पंत, मी कौलाबाहेर एक पाऊल टाकलेलं नाही. कौलाखाली माणसं बसवा म्हणालात, बसवली. पोटाला लावा म्हणालात, कुरमुरे दिले. माझं छप्पर येऊन पाहावं.”

“कौल म्हणजे सरकारचे अभय, शेट!”

“आम्ही साधी माणसं. आम्हाला कौल म्हणजे डोक्यावर असतं ते.”

सिदू गुरवाने फुटलेल्या कौलाचा तुकडा उचलून नागोशेटच्या हातात दिला. “आणि ह्याला काय म्हणता, शेट? हे डोक्यावर होतं, आणि देवीनं दिलं.”

नागोशेटने त्या तुकड्यात फट शोधली. सापडली नाही.

येसोपंतांचे लक्ष त्या तुकड्याकडे नव्हते. त्यांना आपलीच दवंडी आठवत होती. आपण शब्दांचे मोठे छप्पर घातले आणि भिंती घातल्याच नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. दोष नागोशेटचा होता. दार मात्र त्यांनी उघडे ठेवले होते. ते म्हणाले, “कौल रद्द. पेठ मोडून टाका.”

ज्या बाईला फसवले गेले होते, तीच आडवी आली.

“नको, म्हाराज. लबाड असली तरी पेठ आमच्या दारात हाय. ती मोडली तर उद्या सगळी पोरं तांड्यामागं जातील. माजा तर आजच चाललाय. मोडू नका. सरळ करा.”

“सरळ कशी करू? उद्या मी गेलो की पुन्हा गल्लीतून धावाल.”

यावर सिदू गुरव बोलला. तो मितभाषी माणूस होता, असे सांगतात, आणि जे बोलला ते अजून चालते. “पंत, देवीनं आपल्या छपरावरचं एक कौल काढलं, आणि आतलं सगळं दिसलं. पेठेची छपरं देवीच्या छपरापेक्षा थोर आहेत का?”

येसोपंतांनी कौल पुन्हा बांधला, आणि या वेळी तो सावकाश बांधला. वाक्य रचल्यावर ते नागोशेटला ऐकवीत आणि विचारीत, “यात फट दिसते का?” दिसली की ती बुजवीत. सरकारी मसुदा तपासायला त्याहून योग्य माणूस सापडला नसता. शेवटी असे ठरले: प्रत्येक दुकानदाराने, जिथे काम चालते त्या जागेवरचे एक कौल काढावे. दर दुपारी काम करणाऱ्याने त्या उन्हात हात धरावे. ज्याच्या हातावर त्या दुकानाच्या धंद्याचा रंग, राख, पीठ किंवा घट्टा दिसेल, तोच माणूस कामाला आहे असे धरावे. एका हातावर दोन दुकाने दिसली तर दोन्ही दुकानांची माफी जावी. मेहुणे आणि पुतणे कितीही राबले तरी मोजू नयेत.

“आणि हे रोज पाहणार कोण?” कारकुनाने विचारले. आपल्यावर काम पडेल अशी भीती त्याला होती.

पंतांनी सगुणाबायकडे पाहिले. “या पेठेतले सर्व खोटे ज्यांना माहीत आहे, त्या पाहतील. बाई, सात वेळा खोटे बोललात त्याचे प्रायश्चित्त म्हणून आयुष्यभर खरे पाहत फिरायचे. सरकारातून धान्य मिळेल.”

नव्या कौलाखाली गावात लागलेले हे पहिले काम.

त्या बाईला मात्र आपल्या धान्याचे काही वाटले नाही. ती दारातून माळाकडे पाहत होती. तांड्याच्या पुढच्या बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. भिवा घोंगडी खांद्यावर टाकून उभा होता.

आता नागोशेटची गंमत पाहा. सगळ्यांनी कामाच्या जागेवरचे कौल काढले. नागोशेटच्या एवढ्या मोठ्या छपराखाली, मेहुणे वजा केल्यास, काम चालते अशी जागा एकच निघाली. त्याची स्वतःची गादी. पंतांसमक्ष तिच्यावरचे कौल निघाले आणि ऊन त्याच्या टकलावर आले. गादी हलवायला तो तयार नव्हता. गादी मूळ जागेवरून हलली की लक्ष्मी उठून जाते, अशी त्याची श्रद्धा होती. माणूस ज्या वस्तूला देव मानतो, देव त्याला तिथेच गाठतो. थोडा वेळ त्याने डोक्यावर रुमाल घेतला. मग उपरणे घेतले. मग घामाने डबडबलेला नागोशेट ओरडला, “अरे, कोणी इरलं धरा रे डोक्यावर!”

इरले म्हणजे बांबूच्या कामट्यांवर पाने बसवून केलेले आच्छादन, पावसात शेतावर डोक्यावर घेतात ते. मेहुणे एकमेकांकडे पाहू लागले. घाटावरच्या माणसांना ते धरता येत नव्हते.

सगुणाबाय माळाकडे धावली. सकाळी सात दुकाने धावली त्याहून जोराने धावली, असे सांगतात. तांडा हलला होता. तिने भिवाची घोंगडी मागून धरली.

“काम हाय. चल.”

“कसलं काम?”

“शेटच्या डोक्यावर इरलं धरायचं.”

“ह्ये काय काम झालं, आये? लोक हसतील.”

“बाप गेला तवा कोन हसलं नाय. तू हसवून घे, आनि ऱ्हा.”

भिवा बराच वेळ घाटाकडे पाहत उभा राहिला. तांडा पहिल्या वळणाला गेला. मग तो आईमागून पेठेत आला आणि रागारागाने इरले उचलले. दुसऱ्या दिवशी दुपारी सगुणाबायने त्याचे हात उन्हात पाहिले. तळव्यावर इरल्याच्या कामटीचा फोड आला होता. तिने तो मोजणीत धरला.

पुढे पावसाळा आला, आणि सातही दुकानांत एकेका भोकातून पाणी आले. पोती हलवायला माणसे लागली. पाणी काढायला माणसे लागली. ओले धान्य वाळवायला, निवडायला, पुन्हा भरायला माणसे लागली. मेहुणे कंटाळून घाट चढून गेले, आणि गावची माणसे आली. इरले धरून धरून भिवाला धान्याची पारख आली. तराजू त्याच्या हाती केव्हा गेला, हे नागोशेटलाही कळले नाही. काही वर्षांनी नागोशेटला जकातीची माफी मिळाली ती खरी मिळाली, आणि ती मिळाल्यावर तो देवळात येऊन रडला. आपण सरळ मार्गाने नफ्यात आलो याचा त्याला धक्का बसला होता, असे सिदू गुरव सांगे.

देवळाच्या छपरावर नवे कौल बसवले नाही. पेठेतल्या भोकांना मात्र पुढच्या पिढीने काचेची कौले बसवली. ऊन येते, पाणी येत नाही. म्हाताऱ्यांना ही सोय फारशी आवडली नव्हती.

आता सरकारे बदलली आहेत. उद्योग वाढवा, माणसे कामाला लावा, सवलत घ्या, अशी पत्रके अजून येतात. त्यांची भाषा येसोपंतांच्या पहिल्या दवंडीसारखी मोठ्या छपराची असते. मोजायला साहेबही येतात, आणि सकाळी लवकर येतात. पेठेतले दुकानदार त्यांना चहा देतात, बसवून ठेवतात आणि सांगतात, साहेब, ऊन वर येऊ द्या. ओळीच्या टोकाला एकाने अलीकडे सिमेंटचे पक्के छत घातले. त्यात काचेचे कौल बसेना. तो दिवा लावून ठेवतो. त्याच्याकडे माल चांगला आहे, पण पेठेत अजून त्याला कोणी शेट म्हणत नाही.

सगुणाबाय मरेपर्यंत रोज दुपारी पेठेतून फिरली. दारात थांबायची, आत वाकून पाहायची आणि एकच प्रश्न विचारायची. तिच्यामागे तो प्रश्न पेठेने घेतला. आजही एखाद्या दुकानात नवा माणूस उभा राहिला, की दुपारी शेजारचा दुकानदार आपल्या गादीवरून मोठ्याने विचारतो, “काय रे, खरा का बहीण?”

या प्रश्नाला तोंडाने उत्तर द्यायचे नसते. काम थांबवून हात उजेडात धरायचे असतात.

ऊन आता कौलात आले आहे. चला, आत जाऊन पाहू.